सामाईक अर्थिंग

राखणने पहिला प्रश्न विचारला तेव्हा दिगंबर निंभोरकर दाढी करत होते. फोन वाजला आणि पडद्यावर ओळ आली, "अनोळखी यंत्र आढळले. हे यंत्र तुमच्या घरातले आहे का?" खाली दोन चौकोन होते, होय आणि नाही.

साबण लागलेला अर्धा गाल तसाच ठेवून दिगंबररावांनी घरभर चक्कर मारली. फ्रीज ओळखीचा, कूलर ओळखीचा, मिक्सर तर त्यांच्या लग्नाइतका जुना. नवीन काहीच नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. शैलाताई पोळ्या लाटत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हे दिगंबररावांना जास्तच संशयास्पद वाटलं.

त्यांचा तरी काय दोष? सगळी हयात एसटीत तिकीट तपासनीस म्हणून गेलेली. गाडीत पाय ठेवताच कोण झोपेचं सोंग घेतंय, कोण उगाचच खिडकीबाहेर बघतंय, हे हेरण्यात त्यांचा हातखंडा होता. निवृत्त होताना त्यांनी बिल्ला आणि शिट्टी डेपोत जमा केली, पण ती नजर घरी घेऊन आले. दूधवाला, भाजीवाला, देवळातला पुजारी, सगळे त्यांच्या लेखी विनातिकीट. यांना देवाचं तीर्थ दिलं तरी आधी वास घेतील, असं शैलाताई म्हणत आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

आता ही राखण काय चीज आहे ते सांगायला हवं. छपराछपरावर सोलर आणि अंगणाअंगणात चार्जिंगला लावलेल्या गाड्या आल्यापासून गल्लीबोळातली वीज चिडखोर झाली होती. दाब कधी उसळेल याचा नेम नाही. त्यात वऱ्हाडात कडाडणाऱ्या विजा. एका दणक्यात टीव्ही, फ्रीज, पाण्याची मोटर, सगळ्याची राख. यावरचा उपाय तसा जुनाच होता. घराच्या मेन बोर्डात, बटणांच्या रांगेत, काड्यापेटीएवढी एक डबी बसवत. तिच्या पोटात जस्ताच्या ऑक्साइडची चकती असते. विजेचा दाब नेहमीचा असला की चकती वाट अडवून बसते. दाब मर्यादेबाहेर उसळला की डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी ती वाट मोकळी करते आणि तो लोंढा अर्थिंगच्या तारेने जमिनीत सोडून देते. दर दणक्याला चकती थोडी झिजते आणि पुरती झिजली की डबीवरची हिरवी खिडकी लाल होते. मात्र हे सारं अर्थिंग धड असेल तरच. घरात शिरलेलं पाणी काढायला मागचं दार उघडलं आणि मागची गल्लीच बुजलेली असली, तर पाणी घरातच साचणार.

राखण म्हणजे हीच डबी, फक्त जास्त शिकलेली. बाहेरून आलेला दणका कोणता आणि घरातल्याच मोटरीने मारलेला झटका कोणता, हे तिला कळावं म्हणून तिला ऐकायला शिकवलं होतं. प्रत्येक यंत्र चालताना तारेत बारीकशी थरथर सोडतं. फ्रीजची वेगळी, मिक्सरची वेगळी. राखण ती ओळखते, आणि नाही ओळखली तर विचारते. विमा कंपन्यांना हे भलतंच आवडलं, कारण काय जळलं आणि कशाने जळलं याची साक्ष द्यायला घरातच कोणीतरी बसलेलं. बघता बघता राखण सक्तीची झाली आणि चार भिंतींच्या आत काय चालतं ते बोर्डातून बाहेर कळू लागलं. लोकांनी थोडे दिवस कुरकुर केली, मग सवय झाली.

दिगंबररावांनी 'नाही' दाबलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला. तेव्हा त्यांनी मेन स्विचच पाडला. राखणच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, त्यामुळे ती जागीच राहिली. सगळं घर गप्प, पंखे थांबलेले, आणि फोनवर ते यंत्र खुशाल चालू. आता तर राखणने अंदाजही दिला होता, "लहान कॉम्प्रेसर. दर काही सेकंदांनी उघडझाप करणारी झडप. शक्यता : पाउच पॅकिंग यंत्र."

दिगंबररावांची मान आपोआप मागच्या भिंतीकडे वळली.

हे घर त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, अमरावतीच्या एका जुन्या लेआउटमध्ये, प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, बांधलेलं. अण्णा गेल्यावर दोघा भावांत त्याचे दोन भाग झाले. मधे भिंत आली. मीटर दोन, नळ दोन, लिंबाचं झाड धाकट्या विनायककडे, बोअर दिगंबररावांकडे. वाटणीच्या दिवशी दिगंबरराव टेप घेऊन एकेक खोली मोजत होते, तेव्हा विनायक चारचौघांत म्हणाला होता, "दादा, घरात तरी तिकिटं तपासू नको." लोक हसले. त्या हसण्यावरून दिगंबररावांनी भावाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. एवढं सगळं वाटलं, पण मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा वाटायचं कोणाला सुचलं नाही. कोळसा आणि मीठ भरून पुरलेला एक पाइप. त्याला दोन तारा, एक या घराची, एक भिंतीवरून पलीकडे गेलेली. खड्डा मात्र दिगंबररावांच्या हद्दीत होता, हातभरच, पण त्यांच्या हद्दीत.

म्हणजे यंत्र विनायकच्या घरात होतं आणि दोन्ही घरांचा पाय एकाच खड्ड्यात असल्यामुळे त्याची थरथर इकडे येत होती.

इथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण दिगंबररावांनी ठेवली नाही. अण्णा उन्हाळ्यात दर रविवारी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत. ओली माती वीज चटकन गिळते, कोरडी माती तिला वर ढकलते. खड्डा ओला असला तर असली बारीक थरथर तिथेच मुरते, सुकला तर ती दुसऱ्या तारेने वर चढते. अण्णांनंतर दिगंबररावांनी कधी बादली उचलली नव्हती. यंदा उन्हाळा लागताच त्यांना दिसलं होतं, विनायकच्या कूलरमधून ओसंडणाऱ्या पाण्याची एक बारीक नळी भिंतीवरून इकडे आली आहे आणि नेमकी खड्ड्यापाशी ठिबकते आहे. आपल्या घराच्या पायाला ओल धरावी म्हणून भाऊ मुद्दाम पाणी सोडतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला, नळी उचलून परत पलीकडे टाकली आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. राखणचा पहिला प्रश्न आला तो त्यानंतरच.

मग दिगंबररावांना छंदच लागला. सकाळचा चहा घेऊन ते ओसरीवर बसत आणि फोनवर भावाचं घर ऐकत. तिकडे मोटर लागली, इस्त्री लागली, टीव्ही बंद झाला. ते यंत्र मात्र दिवसभर चालायचं. सगळे धागेदोरे जुळत होते. विनायक कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सोडून घरी बसलेला, कित्येक महिन्यांत गल्लीत दिसलेला नाही. खिडक्यांना दिवसाढवळ्या पडदे. मोटरसायकलवरून बॅग घेतलेला एक माणूस अधूनमधून येतो. कधी खोकी येतात, आणि विनायकची बायको लता ती दारातच घेऊन दार लावते. पाउचमध्ये भरण्यासारखं आणि लपवण्यासारखं काय असतं? बंदी असलेला गुटखा. दिगंबररावांनी भिंतीला नाक लावून पाहिलं. काही वास आला नाही. म्हणजे काळजी घेतली जाते आहे, हे सिद्ध झालं.

हे त्यांनी शैलाताईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं ताट क्षणभर थांबलं.

"एवढं वाटते तर जाऊन विचारा ना एकदा," त्या म्हणाल्या.

विचारून कोणी कबूल करतं का, असं दिगंबररावांचं म्हणणं पडलं. पण ते थांबलेलं ताट त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी राखणच्या नोंदींत मागे जाऊन पाहिलं. ते बँकेत गेले होते त्या दुपारी घरातला मिक्सर चालला होता. चटणी केली, असं शैलाताई म्हणाल्या. रात्रीच्या पानात चटणी नव्हती. परत एकदा तसंच झालं. घरातल्या घरात पाणी मुरतंय, हे त्यांना कळून चुकलं. इतकी वर्षं संसार केलेली बाई आपल्या नकळत मिक्सर फिरवते, या विचाराने त्यांना राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर वाईट वाटलं. त्या दिवसापासून दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं.

अशात राखणचा वेगळाच संदेश आला. घरगुती जोडणीवर व्यावसायिक यंत्र चालत असल्याची शंका असून पडताळणीसाठी अधिकारी येतील. संदेश दिगंबररावांच्या नावे होता, कारण थरथर त्यांच्या बोर्डात सापडत होती. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना पकडलं, त्याच्या दारात पंचनामा होणार आणि सगळं लेआउट कुंपणाला टेकून बघणार.

भावाचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. ते मनात आलंही. पण विनायकच्या हातात बेड्या पडल्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तेवढं काही त्यांच्याने होईना. मग त्यांनी मधली वाट काढली. सकाळी शैलाताई पूजेला बसल्यावर ते पक्कड घेऊन मागच्या अंगणात गेले आणि पलीकडे जाणारी तार खड्ड्यापाशी कापली. आपला खड्डा, आपली हद्द. थोड्याच वेळात राखणने कळवलं की घरात आता एकही अनोळखी यंत्र नाही. दिगंबररावांनी दुसरा चहा मागून घेतला.

दुपारी आभाळ अचानक काळवंडलं. पश्चिमेकडून गडगड ऐकू आली. शैलाताई अंगणात वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला धावल्या आणि गेल्या तशाच रिकाम्या हातांनी परत आल्या.

"तार कोणी तोडली?" त्यांनी विचारलं.

दिगंबररावांनी शांतपणे सांगितलं. यंत्र, गुटखा, अधिकारी, सगळं. शैलाताई ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत होता.

"गुटख्याचं नाही ते. श्वासाचं यंत्र आहे," त्या म्हणाल्या. "कापसाच्या धुळीनं भाऊजींची फुप्फुसं गेली. हवेतून ऑक्सिजन गाळून देते ते. दिवसरात्र नाकाला नळी असते त्यांच्या. मी सूप करून देते तिकडे, तुम्ही बाहेर गेले की."

"मला सांगितलं नाही कोणी."

"भाऊजींनीच नको म्हटलं. म्हणे, दादाले प्रत्येक गोष्टीचं तिकीट दाखवावं लागते. आता श्वासाचंबी दाखवू काय?"

दिगंबरराव उठून खिडकीशी गेले. आभाळात कडकडलं आणि खिडकीची काच वाजली. ज्या डबीविषयी ते अख्ख्या लेआउटला व्याख्यान देत, तिची रीत त्यांना पाठ होती. पलीकडच्या राखणला आता जमीनच नव्हती. दणका आला तर ती वाट मोकळी करणार, पण लोंढा जाणार कुठे? जे यंत्र चालू असेल त्यातून. आणि तिकडे एक यंत्र तर सदैव चालू होतं.

त्यांनी पक्कड उचलली. वीज कडाडत असताना तारेला हात लावू नका, असं शैलाताई मागून म्हणत होत्या आणि म्हणता म्हणताच त्यांनी न्हाणीतली बादली भरून अंगणात आणली. खड्ड्यातली माती इतकी भेगाळली होती की अर्धी बादली ओतली तरी वर ओल दिसेना. दिगंबररावांचं लक्ष भिंतीकडे गेलं. पलीकडून येणारी ती बारीक नळी, अण्णांची रविवारची बादली, राखणचा पहिला प्रश्न, हे सगळं एकदमच त्यांच्या ध्यानात आलं. ज्या पाण्याचा त्यांनी संशय घेतला, ते पाणी दोन्ही घरं राखत होतं. लाजेने त्यांचे कान तापले. त्यांनी तारेची दोन्ही टोकं सोलली. कशीबशी त्यांनी ती एकमेकांत पिळली, पकडीने दाबली आणि मागे सरकले.

वीज कोपऱ्यावरच्या खांबावर पडली. पांढरा लखलखाट झाला, कानात दडे बसले आणि गल्लीतले सगळे कूलर एकदम गप्प झाले. पाऊस मात्र चार थेंबांवरच आटोपला. त्या शांततेत पलीकडून लताचा आवाज आला. ती शैलाताईंना हाक मारत होती.

शैलाताईंच्या पाठोपाठ दिगंबरराव वाटणीनंतर प्रथमच त्या दारातून आत गेले. विनायक पलंगावर उशांना टेकून बसला होता. नाकाला नळी, ओठ काळेनिळे, खांदे प्रत्येक श्वासाला वर ओढले जात होते. कोपऱ्यातलं यंत्र बंद पडलं होतं. लता ऑक्सिजनच्या सिलिंडरशी झगडत होती. वीज गेली तर लागेल म्हणून आणून ठेवलेला तो सिलिंडर, पण त्याची चावी गडबडीत सापडत नव्हती. दिगंबररावांच्या हातात पक्कड तशीच होती. त्यांनी ती झडपेच्या डोक्यावर बसवली आणि सगळा जोर लावून फिरवली. सूं करून वायू सुटला. लताने नळी जोडली. हळूहळू विनायकच्या ओठांचा रंग परतला.

दिगंबररावांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. राखणची खिडकी लाल झाली होती. म्हणजे दणका तिने अंगावर घेतला होता. पण सगळा घेतला होता का, यंत्रापर्यंत किती पोचला, हे वीज आल्याशिवाय कळणार नव्हतं. सिलिंडर फार वेळ पुरणारा नव्हता, हे लताने न विचारता सांगितलं.

ते पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. आपण काय केलं ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण विनायकनेच आधी हात हलवला.

"सकाळी मेसेज आलता," तो थांबत थांबत म्हणाला. "अर्थिंग तुटली म्हणून. मी लताले म्हटलं, काळजी करू नको. दादा नवीन तार टाकून राह्यला असंल."

दिगंबररावांना त्याच्याकडे बघवेना. ते पकडीकडे बघत राहिले.

"कूलरचं पाणी मीच सोडलं होतं," विनायक पुढे म्हणाला. "अण्णांसारखी बादली उचलवत नाही आता. नळी परत आली, तं वाटलं वाऱ्यानं पडली." बराच वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. "तुमचा तो जुना मिक्सर मले रोज ऐकू येते. राखणनं विचारलं, तुमच्या घरातला आहे का. मी होय म्हणून टाकलं."

शैलाताईंनी पदर तोंडाला लावला. दिगंबररावांनी भावाचा हात हातात घेतला. तो थंड होता, आणि नखं अजून निळसर होती.

खूप वेळाने गल्लीत कोणाचा तरी पंखा घरघरला. मग ट्यूबलाइट लागली. लताने यंत्राचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. तिने परत दाबलं. यंत्राच्या पोटात खुडखुड झाली आणि थांबली. चौघंही त्या कोपऱ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच दिगंबरराव एखाद्या गोष्टीवर विनापुरावा विश्वास ठेवायला तयार होते, फक्त ती चालू व्हायला हवी होती.

लताने तिसऱ्यांदा बटण दाबलं. घरघर सुरू झाली. काही क्षणांनी झडप उघडली, फुस्स झालं, मिटली. परत उघडली.

एका बादलीने काही तो खड्डा पुरता ओला झाला नव्हता, थरथर अजून पलीकडच्या तारेने चढतच होती. दिगंबररावांच्या खिशात फोन थरथरला. "अनोळखी यंत्र आढळले. हे यंत्र तुमच्या घरातले आहे का?"

होय म्हटलं तर अधिकारी त्यांच्याच दारात येणार होते, पंचनामा त्यांच्याच नावाने होणार होता आणि लेआउट कुंपणाला टेकून बघणार होतं. दिगंबररावांनी चष्मा पुसला, तरी अक्षरं नीट दिसेनात. मग त्यांनी अंदाजानेच 'होय'वर बोट ठेवलं, आणि नोंद झाल्याचा संदेश येईपर्यंत ते उचललं नाही.